भोसरीच्या गाळ्यातल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

चेंबर सुरू झालं की कळव म्हणाला होतात. सुरू होऊन चार महिने झाले आणि मी कळवलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोरच लिहितोय.

आमचं पहिलं चेंबर, म्हणजे चाचणीची बंद पेटी, ॲक्रिलिकचं होतं. लेझरने कापून आम्हीच चिकटवलेलं, दिसायला अगदी काचेसारखं. काम गॅस सेन्सर तपासण्याचं. आत अमोनिया आणि इथेनॉलची वाफ, तापमान ७० अंशांपर्यंत. तिसऱ्या दिवशी आतून स्पिरिटने पुसलं आणि कडांवर बारीक जाळी उमटली. आठवडाभरात एक कोपरा उकलला. मग मी प्लास्टिकांच्या तक्त्यात नुसता तापमानाचा रकाना बघून पॉलिकार्बोनेट ठरवलं, कारण ते १२० अंश सोसतं. तुमच्याकडे आलो तो फक्त शीट कापून घ्यायला.

तुम्ही मापांचा कागद बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "आत काय जाणार? किती गरम? किती वेळ?" लॅबमध्ये हे तीन प्रश्न एका दमात कुणी विचारले नव्हते, मीसुद्धा नाही. अमोनियाचं नाव निघताच म्हणालात, "मग पॉलिकार्बोनेट विसर. अमोनिया खातो त्याला."

मी हुज्जत घातली, ॲक्रिलिकचंही रडगाणं गायलं. तेव्हा तुम्ही कटपिसांतून ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या काढल्यात. एक वाकवून शिकंज्यात धरलीत, दुसरी टेबलावर सपाट ठेवलीत, आणि दोन्हींवर स्पिरिटचा बोळा. चहा येईपर्यंत वाकलेल्या पट्टीच्या फुगीर बाजूवर आडव्या रेघा आल्या, चहा संपायच्या आत ती कट्‌कन तुटली. सपाट पट्टी मात्र जशीच्या तशी. स्पिरिट आणि ताण एकत्र आले की ॲक्रिलिक गेलं, आणि लेझरने कापलेल्या कडेत तो ताण आधीच बसलेला असतो. कापल्यावर ८० अंशांच्या आसपास काही तास ठेवून सावकाश गार केलं असतं, तर बराचसा उतरला असता. हे मला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, तुमच्या स्टुलावर बसून कळलं!

टेफ्लॉनचा हट्टही मीच धरला होता. २६० अंश सोसतं, कशानेच विरघळत नाही. तुम्ही आधी भाव सांगितलात, मग म्हणालात की दाबाखाली ते हळूहळू पसरतं, बोल्ट सैल पडतात. शेवटी प्लेटिंगच्या टाक्यांसाठी तुम्ही रोज वापरता तेच साधं पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याला डिंक धरत नाही, म्हणून हॉट एअर गनने वेल्डिंग. रॉडच्या दोन्ही बाजूंनी बारीक कड उठली की सांधा धरला, हे तुम्ही मला बोट दाखवून दाखवलंत. पीपीतून आरपार दिसत नाही, म्हणून समोर उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेची खिडकी. ४०० मिमीचं पीपी ७० अंशांना जवळजवळ २ मिमी वाढतं आणि काच जागची हलत नाही, म्हणून चौकटीची भोकं तुम्ही गोल न ठेवता लांबट केलीत. माझ्या ड्रॉइंगमध्ये ती गोल होती.

एका बाबतीत मात्र तुम्ही माझं ऐकलंत. खिडकीभोवती सिलिकॉन भरायला निघाला होतात. सिलिकॉनमधून सुटणारी वाफ टिन ऑक्साइडच्या सेन्सरला मारते, हे सांगितल्यावर नळी परत खोक्यात टाकलीत आणि ईपीडीएम रबराची गॅस्केट कापलीत. "हे आम्हाला ठाऊक नव्हतं," असं कामगारांसमोर म्हणालात. आमच्याकडे हे वाक्य फारसं ऐकू येत नाही.

बिलात तुम्ही फक्त माल लावलात, मजुरी नाही. ती मला द्यायची आहे, नाही म्हणू नका.

आणि एक काम आहे. झाकणात वायरसाठी अजून एक भोक हवंय. झाकण घेऊन शनिवारी येतो.

आपला,
ॲक्रिलिकवाला