वेदनाशमन गावापर्यंत पोहोचावे

महोदय,
तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या व्यसनातून तोंडाचा कर्करोग जडलेले रुग्ण नागपूरहून उपचार घेऊन गावी परततात, तेव्हा त्यांच्या वेदनांची जबाबदारी प्रत्यक्षात उपकेंद्रातील परिचारिकेवर येते. मात्र तिच्या हाती बहुधा पॅरासिटामॉलच असते. तोंड उघडत नाही, गोळी गिळवत नाही, आणि किती दुखते असे विचारले तर वयस्कर माणसे "थोडसंच दुखते जी" एवढेच सांगतात, त्यामुळे कपाळावरच्या आठ्या आणि रात्रीची झोप यांवरूनच तिला अंदाज बांधावा लागतो. अमली पदार्थविषयक कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाच्या परवान्यांची प्रक्रिया सुटसुटीत झाली, तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यासाठी खेड्यातल्या रुग्णाने दर वेळी शहर गाठावे, हे अमानुष आहे. साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकत असल्याने दुखणे उसळण्याची वाट न पाहता ते वेळच्या वेळी द्यावे लागते. परंतु सवय लागेल या धास्तीने घरचेच मात्रा चुकवतात, आणि मॉर्फिनमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठावरचे औषध सोबत नसेल तर रुग्ण स्वतःच मॉर्फिन सोडतो. शासनाने ग्रामीण रुग्णालयांत मॉर्फिनचा नियमित साठा ठेवावा आणि परिचारिकांना वेदनाशमनाचे प्रशिक्षण द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक परिचारिका, जि. यवतमाळ