डावरी भेटली

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तुला एवढंच म्हणाले की षष्ठीला पैठणला माझी लहानपणीची मैत्रीण भेटली. बाकीचं बोलायला गेलं की गळा दाटून येतो आणि तू तिकडं घाबरतेस, म्हणून लिहून पाठवतेय. पोरं शाळेत गेली की सवडीनं वाच.

माझं माहेरचं गाव नाथसागरात गेलं हे तुला माहीत आहे. 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिराबाईंच्या हातून जायकवाडीचं लोकार्पण झालं, पण गाव त्याच्या आधीच उठलं होतं. कुणी नव्या गावठाणात गेलं, कुणी सोयऱ्यांकडं, कुणी गंगेपल्याड नेवाशाच्या बाजूला. डावरीच्या वडलांनी तर घराची सागवानी दारं-चौकटीसुद्धा उचकटून गाडीत भरली. त्या चौकटींवर बसून ती गेली. मग तिचं लग्न सेलूकडं झालं, माझं इकडं अंबडला. सासरी दोघींचीही नावं बदलली. तू कॉलेजात असताना मोबाइलवर तिला किती शोधलंस! माझ्याकडं तिचं माहेरचं नाव तेवढं होतं, आणि त्या नावाची बाई आता कुठंच नव्हती.

यंदा वाळवंटात आमच्या दिंडीशेजारी सेलूकडच्या एका दिंडीची राहुटी पडली होती. रात्री पंगत बसली. एक बाई पिठलं वाढत होती. एका म्हाताऱ्या माळकऱ्यानं तिला हटकलं, "माय, उजव्या हातानं वाढ." ती म्हणाली, "बुवा, हा हात मास्तरांनी बाकाला बांधून ठेवला होता, तरी नाही सुधरला."

माझा घास तोंडातच राहिला. ताई, मास्तरांची पाठ वळली की ती गाठ मी सोडायचे.

मी जोरात म्हटलं, "डावरे!" ती पळी हातात धरून उभीच राहिली. "या नावानं मला कोण बोलवायलंय?" मी वडलांचं नाव सांगितलं, आडाशेजारचं घर सांगितलं. तिनं पळी पातेल्यात टाकली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "चिमे, तू जित्ती हायस?" पिठल्याचे हात तसेच माझ्या गालाला. पंगतीतली माणसं बघत होती, बघू देत. चिमी म्हणणारं माझं कुणी उरलं नव्हतं गं.

रात्रभर कीर्तन चालू होतं आणि आम्ही दोघी राहुटीच्या कडेला एका घोंगडीवर बसलेलो. 1972 च्या दुष्काळाचं निघालं. आया खडी फोडायला जायच्या, आम्ही मागं मागं. सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकर. तिनं मला विचारलं, "तुझी आई बोटांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायची, आठवतं का? जेवायची सुट्टी झाली की त्याच सोडून आपल्याला बाहुल्या करून द्यायची." बाहुल्या मला आठवत होत्या. चिंध्या कुठून यायच्या, ते मला आज कळलं.

नव्या गावठाणात गेल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात आई काविळीनं गेली. तिचा एकही फोटो नाही. तू लहानपणी विचारायचीस, आजी कशी दिसायची, तर मी म्हणायचे गोरी होती, उंच होती. खरं सांगते, तिचा चेहरा माझ्यापासून केव्हाच पुसला गेला होता. डोळे मिटले की पाठमोरीच दिसायची.

मी डावरीला मोबाइलमधे तुझे फोटो दाखवले. राहुलच्या बारशातला तुझा हसतानाचा आहे ना, त्यावर ती थांबली. चष्मा पुसून पुन्हा बघितला. म्हणाली, "ही तर तुझी आई हाय. अशीच खालचा ओठ दुमडून हसायची." ताई, तू इतकी वर्षं माझ्यासमोर हसत होतीस आणि मला हे सांगणारं कुणी नव्हतं. आता तू व्हिडिओ कॉलवर हसलीस की मी जरा गप्प होते, ते यासाठी. काळजी करू नकोस.

2016 च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यावर आलं होतं बघ, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते साल. तेव्हा ती मुलाला घेऊन आपलं गाव बघून आली. मारुतीचा पार आणि आडाचं तोंड गाळातून वर आलं होतं म्हणे. मला बघावंसं वाटतं, पण त्यासाठी धरण आटावं असं कधीच वाटत नाही. संभाजीनगरात तुझ्या नळाला तेच पाणी येतं.

अक्षय्य तृतीयेला ती आपल्याकडं राहायला येतेय. आईच्या नावाचा करा दोघी मिळून भरणार आहोत. तुझ्या बाबांनी आत्ताच आमरसाचं ठरवून टाकलंय. तू ये. जावईबापूंना सुट्टी नसली तर पोरांना घेऊन एकटी ये, अंबडच्या गाडीत बसवून द्यायला सांग. तिला तुला जवळ बसवून बघायचंय. मला गुडघ्यासाठी आणलेलं तेल तिच्यासाठीही एक बाटली आण, चालून चालून तिचे पाय सुजलेत.

तुझी,
आई