अण्णांची भजनं परत देणाऱ्या दादांना अनावृत पत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून लिहीत नाही. डिचोली बाजारात संगणक दुरुस्तीला तुमच्याकडे जाणाऱ्यांना कळेलच. दुकानात आभार मानायला आले तेव्हा गळा भरून आला आणि दोन शब्दही धड बोलता आले नाहीत. ते राहिलेलं आज लिहिते आहे.

आमच्या घरचा संगणक म्हणजे अण्णांचा भजनाचा साठा. चाळीसेक वर्षं ते पेटीवर बसले. वास्कोच्या दामोदर सप्ताहात, माशेलला, आमच्या वाड्यावरच्या चवथीच्या आरतीला, जिथे जातील तिथे कॅसेट-रेकॉर्डर सोबत. गोव्याच्या पावसाने कॅसेटींना बुरशी धरायला लागली तेव्हा भावाने त्या सगळ्या एमपीथ्री करून संगणकात भरल्या. कॅसेटी मग गेल्याच. पुढे अण्णाही गेले. आई दुपारी जेवणं आवरली की त्यातलंच काहीतरी लावून बसायची.

आणि एके दिवशी एकही फाइल उघडेना. प्रत्येक नावामागे चार अक्षरांचं निरर्थक शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एकच इंग्रजी चिठ्ठी: 980 डॉलर द्या, 72 तासांच्या आत दिलेत तर 490. आईने विचारलं, "अण्णांचं भजन लागत का नाही गो?" मला उत्तर देता येईना.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं, कारण राग अजून गेलेला नाही. एकाने संगणक टेबलावर ठेवायच्या आत सांगितलं, "फॉरमॅट मारूया, नव्यासारखा होईल." आत काय आहे, हे विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्याने फोनवरच चाळीसेक हजारांची गोष्ट केली. म्हणे, चोरांशी मी बोलतो, तुम्ही फक्त पैसे पाठवा. त्याच्या आवाजातली घाई ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. आई मात्र बांगड्या काढून द्यायला तयार झाली होती.

तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत, आईला बसवलंत आणि विचारलंत, "काकी, ह्यात तुमचं काय काय आहे?" ती सांगत होती आणि तुम्ही कागदावर लिहून घेत होता. मग म्हणालात, एक पैसाही कुणाला पाठवायचा नाही, पैसे देऊन फाइली मिळतीलच असं नाही. मूळ डिस्कला धक्का न लावता आधी तिची नक्कल केलीत. हा व्हायरस जाता जाता पासवर्डही चोरतो, म्हणून आईच्या बँकेचा पासवर्ड माझ्या फोनवरून तिथल्या तिथे बदलायला लावलात, सायबर गुन्ह्यांच्या 1930 ह्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून घेतलीत. माझा पुतण्या कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता, गेमचं क्रॅक, म्हणजे फुकटात चालणारी चोरटी प्रत, त्याने उतरवलं होतं आणि त्यातूनच हा व्हायरस घरात शिरला होता. त्याला जवळ बोलावून तुम्ही सांगितलंत की मे 2017 मध्ये अशाच खंडणीच्या व्हायरसने इंग्लंडमधली इस्पितळं अडवून धरली होती. पोराने त्या रात्री नीट जेवण केलं.

फोटोंच्या बाबतीत तुम्ही खोटी आशा लावली नाहीत. ऑक्टोबर 2019 मध्ये एम्सिसॉफ्ट ह्या अँटिव्हायरस कंपनीने ह्याच व्हायरससाठी फाइली सोडवायचं फुकट साधन काढलं, तेही लावून पाहिलंत. पण आमच्या फाइलींच्या कुलुपाची किल्ली चोरांच्याच सर्व्हरवर तयार झालेली, तिथे ते चालत नाही. "फोटो आज तरी मिळणार नाहीत, पण टाकू नका, ठेवून द्या," असं तोंडावर सांगितलंत. आणि मग ती गोष्ट, जी आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. हा व्हायरस मोठ्या फाइलीचा फक्त सुरुवातीचा भाग कुलूपबंद करतो, साधारण 150 केबी. फोटोचं त्यात सगळंच बिघडतं. तासाभराच्या भजनाचे मात्र पहिले नऊ-दहा सेकंद तेवढे जातात, बाकीचं जसंच्या तसं असतं.

ते पहिले नऊ-दहा सेकंद म्हणजे अण्णांचा बोलका आवाज होता. रेकॉर्डर चालू करून ते गाव, देऊळ, तारीख सांगायचे आणि मग पेटीवर सूर धरायचे. फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. भजनं परत आली, पण कुठलं कुठचं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

तुमचं काम तिथे संपलं होतं. भजनं वाजत होती, पैसे सांगून तुम्ही मोकळे होऊ शकला असता. त्याऐवजी हेडफोन आईच्या कानाला लावलात, एकेक फाइल सुरू केलीत आणि दर वेळी विचारलंत, "काकी, हें खंयचें?" ती डोळे मिटून ऐकायची. हे वास्को, पारावरचं. हे आमच्याच घरचं, चवथीचं, शेजारच्या भाऊंचं घुमट, ते मातीचं चामडं ताणलेलं वाद्य. तुम्ही दोन बोटांनी देवनागरीत नाव टाइप करत होता. बाहेर पाऊस कोसळत होता, मधे वीज गेली, दोन गिऱ्हाइकं परत गेली, तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. एका फाइलीचं नाव मी घरी येऊन वाचलं: "माशेल, देवकीकृष्ण, काकीने पखवाजावरून ओळखलं". दादा, ते वाचून मी खूप रडले.

हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नसावेत. रक्त काढण्याआधी आजोबांना नाव विचारणारी नर्स, भिंत फोडण्याआधी देव्हारा कुठल्या बाजूला आहे ते विचारणारा प्लंबर, ही माणसं अजून आहेत म्हणून परक्याच्या हाती आपली वस्तू सोपवायचं धाडस होतं. तुम्ही त्यांतले.

पैसे तुम्ही नव्या डिस्कचे तेवढे घेतलेत, ते मला अजून खटकतं. भजनांच्या आता दोन प्रती आहेत, एक आमच्याकडे, एक वास्कोला भावाकडे, आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवायची हे पुतण्या स्वतः बघतो. आईने निरोप दिलाय, चवथीला आरतीला यायचं, बायको-मुलांना घेऊन, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही. अण्णांची पेटी आता भाऊ वाजवतो. घुमटाला माणूस कमी पडतो आहे, तुम्हाला येत असेल तर आधी कळवा.

आपली कृतज्ञ,
काकींची मुलगी