सूचना : यूपीएससी अभ्यासक्रम वाचन, रविवार सकाळी १०

अभ्यासिकेतील सर्व सदस्यांसाठी,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता वरच्या मजल्यावरील वाचन कक्षात नागरी सेवा परीक्षेचा अभ्यासक्रम ओळीनुसार वाचायचा आहे. यंदा प्रथमच तयारीला लागलेल्यांनी यायलाच हवे. जुन्यांपैकी निदान मुख्य परीक्षा दिलेल्यांनी तरी यावे, तुमचा अनुभव नव्यांना फार उपयोगी पडेल.

येताना आयोगाच्या अधिसूचनेतील अभ्यासक्रमाची छापील प्रत आणावी. क्लासच्या नोट्स आणू नयेत.

आधी एवढे पाहून या :

- पूर्व परीक्षा : दोन पेपर, प्रत्येकी २०० गुण. सीसॅटमध्ये (दुसरा, आकलन-गणित-तर्काचा पेपर) ३३ टक्के पुरेसे, पण तेवढे हवेतच. गणित सुटलेल्यांनी हा पेपर हलका समजू नये. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापले जातात.
- मुख्य परीक्षा : गुणवत्तेसाठी १७५० गुण. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे.
- मराठी व इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर केवळ पात्रतेचे, किमान २५ टक्के. यात अडकलात तर बाकीचे पेपर मोजलेच जात नाहीत, म्हणून मराठी लिहिण्याचा सराव सोडू नका.
- मुलाखत : २७५ गुण.

सर्वाधिक वेळ सामान्य अध्ययन चारला देऊ. नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम दिसतो छोटा, पण ‘सचोटी’, ‘अभिवृत्ती’ अशा एकेका शब्दावर प्रश्न येतात.

वैकल्पिक विषय ठरलेला नसेल तर दोन पर्याय लिहून आणा. येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत नोंदवहीत नाव लिहावे.

– अभ्यासिका समिती