चाचा, तुम्ही बाबांना विचारलंत

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा पुतण्या तुम्हाला वाचून दाखवेल, तसं मी त्याला सांगून ठेवलं आहे. घाटात तापणारी आमची गाडी तुम्ही तुमच्या गॅरेजात दुरुस्त केलीत, त्याबद्दल घरी येऊन आभार मानणारच आहे, पण मला हे चारचौघांत सांगायचं होतं. आमचं ज्यांनी ऐकून घेतलं नाही त्यांच्याही कानावर गेलं तर बरंच होईल.

आधी गाडीची खुशाली. काल पुन्हा पसरणी घाट चढून आलो. शनिवार असल्यामुळे महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती, निम्मा घाट दुसऱ्या गिअरवर काढावा लागला, दोन वळणांवर तर जागच्या जागी थांबलो. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर होता तो मध्यावरच राहिला. बाबा वाईपासून पाचगणीच्या नाक्यापर्यंत त्या काट्यावर नजर ठेवून होते. नाका आल्यावर म्हणाले, "मिस्त्री पक्का आहे." बाबांच्या तोंडून हे शब्द सहज निघत नाहीत. एसटीत असताना आगारातले मेकॅनिक त्यांना टरकून असायचे.

बाबांबद्दल थोडं सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना माझ्या मनात काय आहे ते कळेल. माझे वडील एसटीचे ड्रायव्हर. उभी नोकरी घाटात गेली. पसरणी, आंबेनळी, खंबाटकी, पावसाळ्यात धुकं असताना, रात्रीच्या मुक्कामी गाड्या. त्या काळच्या गाड्या घाट चढताना तापायच्याच. माथ्यावर थांबून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं हा रोजचा नेम होता. इंजिनाच्या आवाजात जरा फरक पडला तरी त्यांना कळायचं. आता त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी त्यांना साताऱ्याला न्यावं लागतं. परत येताना अंगात त्राण नसतं, बोलता बोलता धाप लागते, वाक्य अर्ध्यावर सोडून थांबावं लागतं. मग लोक ते वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात, किंवा त्यांच्याकडे पाठ फिरवून माझ्याशी बोलू लागतात. हे दवाखान्यात होतं, बँकेत होतं, नातेवाइकांतही होतं.

उन्हाळ्यात गाडी घाटात तापायला लागली. सपाटीला काही नाही, चढ लागला की काटा लालकडे. एकदा तर बॉनेटमधून वाफ आली आणि डायलिसिस झालेल्या माणसाला घेऊन मी भर दुपारी वळणावर उभी राहिले. त्या दिवसापासून घाट आला की माझे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. नाव लिहीत नाही. काचेचं ऑफिस, एसी, हातात टॅब घेतलेला ॲडव्हायझर. त्याने बॉनेट उघडलं, कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, प्लास्टिकची बाटली बघितली. ती वरच्या खुणेपर्यंत भरलेली होती. स्कॅनर लावला, एरर काही आला नाही. लगेच निदान झालं: "कूलंट फुल आहे, तरी तापतेय, म्हणजे हेड गॅस्केट गेलंय मॅडम. इंजिन खोलावं लागेल, हेड फेसिंगला जाईल." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या खालचं सील. एस्टिमेट 38,000 रुपयांचं, आणि खोलल्यावर आणखी काही निघालं तर ते वेगळं. आठ-दहा दिवस गाडी ठेवून जा म्हणाले. तेवढ्या दिवसांत आम्ही साताऱ्याला कसे जाणार, हे कुणी विचारलं नाही. जुनी गाडी एक्सचेंजमध्ये देऊन नवी घेता का, हे मात्र विचारलं.

पैशांचं दुःख मी गिळलं असतं. बाबा त्या मुलाला काहीतरी सांगू बघत होते. "अहो, तो वरचा पाइप सकाळी..." एवढं बोलून ते श्वास घ्यायला थांबले. त्या मुलाने तेवढ्यात त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही वेटिंगमध्ये बसा ना, तिथे एसी आहे." बाबा जाऊन बसले. आयुष्यभर चाळीस-पन्नास माणसांना घेऊन घाट उतरवणारा माणूस सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसला होता. ते मला आजही सहन होत नाही.

त्यानंतर आणखी एकाकडे गेलो. त्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, काढूनच टाकला, "आता तापायचा प्रश्नच नाही" म्हणाला. गाडी पुन्हा तापली. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मग तुम्ही भेटलात. साताऱ्याहून परत येताना, घाट चढायची हिंमत होईना म्हणून वाईच्या अलीकडे तुमच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली. तुम्ही कुठल्याशा टेम्पोच्या खालून बाहेर आलात. मी खाली उतरून सगळं सांगायला सुरुवात केली, हेड गॅस्केट, एस्टिमेट, थर्मोस्टॅट. तुम्ही ऐकलंत आणि बॉनेटकडे न जाता बाबांच्या खिडकीपाशी गेलात. हातातला पान्हा टपावर ठेवलात, कॉटन वेस्टने हात पुसलेत, खाली वाकलात आणि म्हणालात, "काका, गाडीत तुमी बसता न्हवं रोज? काय होतंय, तुमीच सांगा."

आणि थांबलात.

चाचा, तुमच्या लक्षातही नसेल, पण तुम्ही किती वेळ थांबला होतात! बाबांनी सांगायला सुरुवात केली. चढाला काटा वर जातो, सपाटीला खाली येतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. डिपस्टिकचं ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ झालेलं नाही, म्हणजे हेड गॅस्केटमधून कूलंट इंजिनात शिरत नाही. मध्येच धाप लागली, ते डोळे मिटून बसले. तुम्ही त्यांचं वाक्य पुरं केलं नाहीत, माझ्याकडे बघितलं नाहीत, तुमच्या पुतण्याने काहीतरी विचारलं तर त्याला हातानेच गप्प केलंत. मग बाबा म्हणाले, "बाटली कधी उतरत नाही. पण सकाळी गाडी गार असली की रेडिएटरचा वरचा पाइप चपटा झालेला असतो." वर्कशॉपमध्ये त्यांना हेच सांगायचं होतं.

तुम्ही सरळ उभे राहिलात आणि म्हणालात, "मग हेड कशाला खोलायचं? झाकण बघूया आधी."

इंजिन गरम होतं म्हणून तुम्ही झाकणाला हात लावू दिला नाहीत. गरम रेडिएटर उघडला की उकळतं पाणी दाबाने तोंडावर येतं, चेहरा भाजून निघतो, हे तुम्ही पुतण्याला माझ्यासमोर पुन्हा बजावलंत. गाडी गार होईपर्यंत चहा झाला. बाबांना पाणी मोजून प्यावं लागतं हे मी एकदाच बोलले होते. त्यांचा कप तुम्ही स्वतः अर्धा करून आणलात.

झाकण निघालं तेव्हा आत रेडिएटरमध्ये पाणी केवढं खाली गेलेलं होतं! बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे पुढचं तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत ते मला फार आवडलं. "ताई, ह्यो कुकर हाय. शिट्टी बिघडली तर डाळ कशी शिजंल?" रेडिएटरचं झाकण आतलं पाणी दाबाखाली ठेवतं. पाचगणीच्या उंचीवर उघडं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. पण झाकणावर 0.9 (बार, म्हणजे दाबाचं माप) लिहिलेलं असतं तेवढा दाब टिकला, तर 115 अंशांपर्यंतही उकळी फुटत नाही. आमच्या झाकणाचं रबर कडक होऊन तडकलं होतं, स्प्रिंग मऊ पडली होती. दाब धरला जात नव्हता, म्हणून चढावर कूलंट उकळून बाटलीत जायचं. गाडी गार झाली की ते परत आत ओढलं जायला हवं. त्यासाठी झाकणाच्या मधोमध एक छोटी वॉल्व्ह असते, ती गंजून चिकटली होती. कूलंट परत येत नव्हतं, आत पोकळी व्हायची आणि वरचा पाइप चपटा पडायचा. झाकणाला सेन्सर नसतो, मग स्कॅनरला एरर दिसणार कुठून? पण रोज सकाळी बाबा बॉनेट उघडून बघत होते, त्यांना दिसलं होतं.

ते जुनं झाकण तुम्ही बाबांच्या हातात दिलंत. त्यांनी नखाने मधली वॉल्व्ह ओढून बघितली, हलेना. मग नव्या झाकणाची ओढली, ती टचकन वर येऊन परत बसली. त्यांनी तीन-चारदा ओढून बघितली. त्यांचा चेहरा तुम्ही बघितलात का चाचा? मी बघितला. आजारपण सुरू झाल्यापासून तो चेहरा मला दिसला नव्हता.

नंतर झाकण न लावता इंजिन चालू करून तुम्ही रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते बराच वेळ बघितलंत. "हेड गेलं असतं तर बुडबुडं थांबलं नसतं," म्हणालात. आमच्या मनात शंका राहू नये म्हणून तुम्ही ते केलंत. थर्मोस्टॅटही परत बसवलात. तो नसला तर आमच्याकडच्या थंडीत इंजिन नीट गरमच होणार नाही आणि पेट्रोल उगाच जास्त जाईल, हे सांगून. नवं कूलंट, झाकण, थर्मोस्टॅट, मजुरी, सगळं मिळून दीड हजाराच्या आत.

निघताना तुम्ही मला जे सांगितलंत ते मी पाठ केलंय. चढावर काटा सरकायला लागला तर आधी एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. हीटर इंजिनातली उष्णता बाहेर ओढतो. तरी चढला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि वाट बघायची. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेडला चीर जाऊ शकते. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये भरायचं नाही, क्षार धरून रेडिएटरची जाळी तुंबते. बाटलीवर विसंबायचं नाही, महिन्यातून एकदा सकाळी गार गाडीचं झाकण उघडून आत बघायचं. आणि उतारावर न्यूट्रल करायचं नाही. इथे बाबा मध्येच बोलले, "ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं," आणि तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवलीत. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांच्या चाकांतून जळका वास कसा येतो, यावर मग तुमची दोघांची बैठकच जमली. मला घाई होती, पण मी उठले नाही.

गॅरेजवाले लुबाडतात असं लोक सरसकट बोलतात तेव्हा आता मी गप्प बसत नाही. लुबाडणारे आहेत, मी त्यांना भेटले आहे. पण रात्री अकराला शटर वर करून पंक्चर काढून देणारेही आहेत, "ही पट्टी अजून सहा महिने जाईल, आत्ता बदलू नका" असं सांगून स्वतःचा धंदा बुडवणारेही आहेत. डायलिसिस सेंटरमधल्या एक सिस्टर सुई टोचण्याआधी दर वेळी बाबांना विचारतात, "आज कुठल्या हाताला कमी दुखतंय ते सांगा, त्या हातात काहीतरी देते घट्ट धरायला." सुई ठरलेल्या हातालाच लागते, पण विचारतात. अशा माणसांमुळे आमचे आठवडे सरतात. पैसे कमी घेतलेत म्हणून मी तुमची ऋणी आहेच. पण तुम्ही दुप्पट घेतले असतेत तरी हे पत्र मी लिहिलंच असतं. आजारी माणसाला अजून काही कळतं, असं तुम्ही धरून चाललात. त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवून पान्हा उचललात.

जुनं झाकण बाबांनी मागून घेतलं होतं ते आठवतंय ना? ते डायलिसिसला जाताना पिशवीत असतं. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना, टेक्निशियनला, सगळ्यांना वॉल्व्ह ओढून दाखवून झाली आहे. मी ते झाकण वर्गात दाब शिकवायला मागितलं तर म्हणाले, बघून परत आण.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं आहे असं तुम्ही म्हणाला होतात. बदलायला पुढच्या गुरुवारी, साताऱ्याहून येताना, चारच्या सुमाराला येतो. आणि बाबांचा एक निरोप आहे: तुमचा पुतण्या गाडी शिकतोय म्हणालात, त्याला लायसन्सच्या परीक्षेआधी एखाद्या रविवारी वर पाठवा. घाट मी शिकवतो म्हणाले. सकाळी सातच्या आत यायला सांगा, नंतर त्यांना थकवा येतो आणि रस्त्यावर गर्दीही होते.

तुमची,
पाचगणीची ताई