सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र : आमचं कोर्ट ठेवायचं कुठं?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

नमस्कार साहेब. आम्ही दादर-परळकडची, नोकऱ्या सांभाळून नाटक करणारी मंडळी. प्रयोगानंतर नाटकाचे सेट ठेवायला जागा मिळावी, म्हणून हे पत्र. यंदा जुन्या काळातलं कोर्टाचं विनोदी नाटक बसवलंय, १९३० च्या आसपासची मुंबई, हायकोर्टात ज्युरीसमोर चाललेला खटला. ज्युरी म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष असा कौल देणारी नऊ माणसं, टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात होती तशी, तिथं सात विरुद्ध दोन असा कौल गेला होता. आता ही नऊ जणं पूर्ण वेळ स्टेजवर, म्हणजे नऊ कोट, पगड्या, टोप्या, वर वकिलांचे गाऊन. कपडेपट भाड्याने मिळतो हो, पण असा सेट बनवावाच लागतो.

आणि कोर्टाच्या नाटकात अर्धा विनोद सेटवर उभा असतो. आमच्या जजचा कट्टा चांगला उंच आहे, तालमीत साध्या टेबलामागून जज "जरा मोठ्याने बोला" म्हणायचा तेव्हा कुणी हसायचं नाही, तेच कट्ट्यावरून वाकून म्हणाला की हॉल फुटतो. साक्षीदाराचा पिंजरा नेपथ्यवाल्या मित्राने मुद्दाम अरुंद केलाय, जाडजूड शेठजी आत शिरताना धोतराचा सोगा अडकतो, शिपाई सोडवायला येतो आणि तोही अडकतो, असा हशा नुसत्या संवादांतून येत नाही. 'तो मी नव्हेच' १९६२ ला फिरत्या रंगमंचावर आलं ते उगाच नाही, कोर्ट आणि त्यातल्या भामट्या लखोबाची सोंगं एकामागोमाग दाखवायची तर सेट पळायलाच हवा.

पण रात्री प्रयोग संपला की थिएटर रिकामं करायचं, टेम्पो बोलवायचा, आणि न्यायचं कुठं? सध्या आमचं कोर्ट एका चाळीच्या गॅलरीत ताडपत्रीखाली पडलंय, पावसात कट्ट्याचं प्लायवूड फुगलं, शेजाऱ्यांची कटकट झाली आणि त्यांचंही बरोबरच आहे, जायला-यायला वाट नको का? राज्य नाट्य स्पर्धेत तर प्राथमिक फेरीतला एकच प्रयोग करून चांगले चांगले सेट मोडीत निघताना आम्ही बघितलेत, जीव तुटतो साहेब.

म्हणून एकच मागणी आहे. गोरेगावची चित्रनगरी तुमच्याच खात्याकडे, ती चालवणारं महामंडळ चित्रपट आणि रंगभूमी दोघांसाठी आहे. तिथं नाटकांच्या सेटसाठी एक कोरडी शेड द्या, एक माणूस, एक रजिस्टर, परवडेल असं भाडं. ज्याचा सेट पडून आहे त्याने ठेवावा, दुसऱ्या ग्रुपने डिपॉझिट भरून न्यावा, मोडलं तर डिपॉझिटमधून दुरुस्ती. एकांकिकावाल्या कॉलेजच्या पोरांना तर याचा सगळ्यात जास्त फायदा, त्यांचं निम्मं बजेट लाकडातच जातं.

आमचा कट्टा, पिंजरा आणि ज्युरीची बाकं पहिल्या दिवशी जमा करायला आम्ही तयार आहोत. मापं आणि फोटो काढून ठेवलेत, तुमच्या ऑफिसने वेळ दिली की घेऊन मंत्रालयात येतो.

आपला,
दादरचा एक हौशी रंगकर्मी