ट्रायल्सच्या गाडीला आधी टायर, मग बाकीचं

संपादक महोदय,

पाय न टेकता कातळ, ओढे पार करायच्या ट्रायल्स खेळासाठी गाडी सजवताना कोल्हापूरची पोरं आधी सायलेन्सरवर पैसे घालतात. ते चूक आहे. इथं वेग नको, पकड हवी.

ट्रायल्स टायरच्या बाजू मऊ असतात, म्हणून मागे साधारण ४ ते ५ आणि पुढे ६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा चालते. साध्या ट्यूबच्या टायरात एवढी कमी हवा ठेवली, तर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. पंक्चरवाल्याच्या हवा मोजायच्या गेजवर ४ आणि ७ मधला फरक कळत नाही. ० ते १५ चा गेज घ्या.

दुसरं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र. हळू चालताना ओढ हवी, म्हणून ते बदलायचं. पुढे ११, मागे ४२ दाते असतील, तर पुढचा एक दाता कमी करणं स्वस्त पडतं, पण चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. मागे ४६ दात्यांचं बसवलं, तरी मागच्या-पुढच्या दात्यांचं गुणोत्तर जवळजवळ तेवढंच, ४.२ च्या आसपास, मिळतं. मात्र चेनच्या कड्या वाढवाव्या लागतात. उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या भागात, स्प्रॉकेट बनवून घेताना ईएन-८ पोलाद आणि दात्यांना हार्डनिंग (तापवून कडक करणं), दोन्ही मागून घ्या. नुसतं कापून दिलेलं स्प्रॉकेट फार टिकत नाही.

– एक वाचक, कोल्हापूर